खोल्या फक्त जोडप्याला

मुलांनो, कल्पना करा, केजच्या बसस्थानकावर तुम्ही बाकड्यावर बसला आहात. शेजारी रोहिणी आणि नाथा, दोघं कॉलेजचे विद्यार्थी. शेजारशेजारच्या दोन खोल्या भाड्याने मिळाव्यात म्हणून त्यांनी नवरा-बायको असल्याचं सांगितलं आहे. त्यांना खोल्या दाखवायला घेऊन निघालेल्या मालकीण छबुबाई गाडीची चौकशी करायला खिडकीवर गेल्या आहेत. त्यांची नात आरोही इथंच कुल्फी चाटते आहे.

"मालकिणीसमोर मला 'ताई, पिशवी द्या' म्हणालास? बायकोला कुणी ताई म्हणतं का रे नाथा?"

"तोंडात बसलंय. वर्गातल्या समद्या पोरींना मी ताईच म्हणतो. आन् तू? कुलदैवत इचारलं तर मी खंडोबा म्हणलो, तू योगेश्वरी!"

"खोट्या लग्नापायी माझी देवी का म्हून सोडू?"

"मग खोली सोड."

"सोडून जाऊ कुठं? परीक्षा म्हैन्यावर आली. एकट्या पोरीला खोली न्हाई, एकट्या पोराला न्हाई. आमी काय चोर हाव?"

"हळू बोल, आल्या त्या."

"आरोही, लई वेळ ऐकत बसलीस. आजीला खरं सांग, हे नवरा-बायको हायेत का गं?"

"न्हाईत, आजी. पन एकट्या पोरीला तू खोली का म्हून देत न्हाईस?"

किल्ल्यांचा जुडगा छबुबाईंच्या हातातच होता; त्यांनी तो आरोहीपुढे सैल धरला.

आरोहीनं चिकट बोटं फ्रॉकला पुसली. जुडग्यातून दोन किल्ल्या काढल्या. एक रोहिणीच्या हातावर ठेवली आणि दुसरी नाथाच्या.