नकू म्हणलो नव्हं मी!

न्हाई, तुमीच सांगा, नवरदेवानं बाशिंग बांधून मोटारीखाली शिरायचं आसतंय व्हय? मी शिरलो! उद्धवमामा म्हणला, "हणमंता, तू बारीक हाईस, बघ काय गळायलंय." गळायलता माजा घाम... आन् मोटार? गप्पगार!

तुमाला सांगतो, हट्ट सासऱ्याचा. "पोलीस ॲक्शन झाली, जहागिऱ्या गेल्या, आता माजा जावई छकड्यातनं न्हाई, मोटारीतनं येईल!" मामानं एका जहागीरदाराची जुनी मोटार हौसेनं घेतलेली. खजुरीहून निघालो झोकात, आन् सासुरवाडी समोर दिसायलीय तंवर मोटार खोकली न् बसली. तिकडं निलम्मा मांडवात, दिवस मावळायच्या आत अक्षता, आन् सासरा आसला तिरसट, आदीच बोललेला, "येळ टळली तर दुसरा नवरा उभा करीन!"

मामानं हँडल मारलं. हँडलनं मामाला मारलं! हात ह्यो एवढा सुजला. पेट्रोल हाय, पाणी हाय, पलग पुसला... कशानं? माज्या शेल्यानं! संगं आलेले शिवय्यास्वामी म्हणले, "दिष्ट लागलीय," आन् इंजनाला इभूत फासून वर नारळ फोडला. पाणी गेलं कुटं? इंजनात! मामा वराडला, "आवो स्वामी, पलगाला आंघूळ कामून घालायलाव?" आन् मोटार? गप्पगार!

मग ढकलायचं ठरलं. शेतातली माणसं धावत आली. लई भली, पर समदी कानडी. मामा सुजला हात धरून बांधावर, स्टेरिंगला मी. मोटार हालली, उताराला लागली, आन् बघतो तर खाली वढा! गुडघाभर चिखल! बिरेक दाबला तर पाय थेट पत्र्याला. जीव खाऊन वराडलो, "नकू! नकू!"

आता कानडीत 'नूकू' म्हंजी काय? ढकल!

माणसं खूश! "नूकू अंतार, नूकरी!" म्हंजी ढकल म्हणायलाय, ढकला! मी वराडायलो तितका त्येंचा जोर. बांधावरनं मामाबी बोंबलायलाय, "आरं नकू!" आजून जोर! गेलो की राव वढ्यात... आन् देवाशप्पथ सांगतो, चिखलात रुतल्यावर मोटार चालू झाली! चाकं जाग्यावर फिरायली, चिखल समदा बाशिंगावर.

पळत मांडवात गेलो. सासरा म्हणतो, "यार इवा?" कोण म्हणं ह्यो! निलम्मानं वळखलं म्हणून अक्षता पडल्या, न्हाईतर संपलंच व्हतं.

निलम्माचं म्हायार कानडी. आजबी पोट फुटायची पाळी येती, मी म्हणतो, "नकू, नकू!" ती आजून एक भाकर ताटात ढकलती.

आन् मी? गप्पगार.