दिपमालाताईंचा शेरा

आजच्या सभेच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका सुमनबाई, व्यासपीठावरचे अधीक्षक अभियंता साहेब, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, उपअभियंता दिपमालाताई, पहिल्या रांगेत काठी टेकून बसलेले त्यांचे सासरे झुलाल नाना, आणि मागच्या दारातून येणाऱ्या वरण-बट्टीच्या वासाकडं अर्धं लक्ष लागलेल्या तमाम बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आमदाराची पाच मिनिटं किती लांबतात, हे धुळेकरांना मी काय सांगू?

नऊ वर्षांपूर्वी अर्थसंकल्पी अधिवेशनात सरकारच्या कर्जावर मी असा काही बोललो, की विरोधकांनीही बाकं वाजवली. म्हणालो, "अध्यक्ष महाराज, कर्ज काढून पाट काढला तर शेत पिकतं. कर्ज काढून तोरणं बांधली तर नातवंडांनी काय तोरणं चावायची?" मत माझं आजही तेच आहे. कर्ज वाईट नसतं हो, ते कशाला काढलं हे बघावं.

आणि त्याच महिन्यात गावी येऊन मी काय मागितलं? वेशीवर कमान! वडिलांच्या नावाची, वर दोन सिंह. पैसा कुठला? सरकारनं कर्ज काढून उभा केलेला. हसा, हसा. तेव्हा कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

एकट्या दिपमालाताईंनी फाईलवर शेरा मारला. कमानीची उंची कमी आहे, कापसाच्या गाड्या अडकतील. याच पैशात नाल्यावर पूल होईल, पावसाळ्यात पोरांची शाळा बुडणार नाही. आणि खाली, काय हिंमत बघा, माझंच तोरणांचं वाक्य, तारखेसकट!

माझं टाळकं सटकलं. मुंबईला फोन लावला, मागोमाग सहीचं पत्र धाडलं. आठ दिवसांत ताईंची बदली, दीडशे किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी.

कमान झाली. दिवाळीनंतर कापसाची पहिली गाडी आली आणि दोन सिंहांच्या मधोमध अडकली. आमचा छगन ड्रायव्हर खाली उतरून मला विचारतो, "आबा, कमान भारी शे. पन आते गाडी कथाईन काढू?" कुठून काढणार? वर्षभर सारं गाव छगनच्या गाडीमागून शेतातून वळसा घालत होतं. शेवटी पाडली. कमान गेली, कर्ज अजून फिटतंय. पूल पुढं झाला तो ताईंच्याच जुन्या आराखड्यावर.

इथंच थांबायचं ठरवून आलो होतो. पण मघाशी एका वक्त्यानं सांगितलं, की ताई स्वखुशीनं डोंगरात सेवेला गेल्या. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. नानांनी वाजवल्या नाहीत. मला ते दिसलं, आणि आता घास गिळवणार नाही.

त्या वेळी नानांच्या घरी ताईंच्या सासूबाई, आमच्या भिकुबाई अक्का, अंथरुणाला खिळल्या होत्या. नाना माझ्या ओट्यावर आले. "अभिमन, एवढी बदली थांबव. घरात करणारं बाईमाणूस एकच शे." मी चहा पाजला आणि नानांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाना, मी काय करू? बदली तुमच्या सुनेनंच मागितली."

अक्का त्या हिवाळ्यात गेल्या. सून दर शनिवारी एसटीनं यायची, रविवारी रात्री परत जायची. तेव्हापासून नाना तिच्या हातचं पाणी घेत नाहीत.

गेल्या महिन्यात मी ताईंना विचारलं, "तुम्ही घरी खरं का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "सांगितलं की, आबा. नाना म्हणाले, अभिमन खोटं कसाले बोली?"

नाना, अभिमन खोटं बोलना. ती सोताहून नही गयी. मीच तिले धाडं.

पत्रकार मंडळी, लिहा. निवडणूक तोंडावर आहे, माहीत आहे मला. बदलीचं ते पत्र माझ्या सहीचं आहे, प्रत अध्यक्षांकडं देतो. जनसेवा, जनसेवा म्हणून मी गळा काढतो; ती करणाऱ्या बाईला मी तिच्याच घरात परकं केलं. लाज वाटते मला.

संयोजकांचे आभार, आपण ऐकून घेतलंत त्याचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. ते खोटं मात्र सभागृहानं माफ करू नये, तो हक्क नाना आणि ताई या दोघांचाच आहे.

नाना, तुम्ही उठू नका, मी खाली येतो पाया पडायला. काठी उगारायची तर खुशाल उगारा... अरे, नाना माझ्याकडं येतच नाहीत. ताईंकडं निघालेत. कुणीतरी हात द्या त्यांना, पायऱ्या उंच आहेत. राहू द्या, ताईच उतरल्या.

तो पाण्याचा तांब्या जरा पुढं सरकवा. माझ्याकडं नको हो, ताईंच्या हातात द्या.