त्या वर्षी मागे राहिलेला शुक्री

(बल्गेरिया, रझग्राडकडचं एक खेडं. जानेवारी १९९०. नेफिसेची बल्गेरियन शेजारीण वेलिका, तिच्या अंगणाचं फाटक.)

वेलिका : ...अगं, आधी आत तर ये, नेफिसे. बर्फात उभी राहून कसले प्रश्न विचारतेस?

नेफिसे : आमच्या घराला कुलूप का आहे ते सांग, मावशी. बाबा कुठेत?

वेलिका : पाय बघ, किती भिजलेत. तुर्कस्तानात बूट मिळत नाहीत वाटतं? नवरा कुठाय तुझा, रसिम? नाही आला?

नेफिसे : त्याला बुर्साला गिरणीत काम लागलंय. मी बाबांना न्यायला आलेय. खोली घेतली, त्यांच्यासाठी खाट घेतली. तू विषय बदलू नकोस. दवाखान्यात आहेत का?

वेलिका : नाही गं.

नेफिसे : मग?

वेलिका : बस इथं, बाकावर. बस म्हणते ना... ऑक्टोबरात गेला शुक्री. तंबाखूच्या माळा उतरवत होतो आम्ही, तेव्हा.

नेफिसे : ऑक्टोबरात? अगं, मी परवापर्यंत त्यांच्यासाठी पायमोजे विणत होते.

वेलिका : कळवणार कुठं, पोरी? तुझा पत्ता कुणाकडे होता?

नेफिसे : मी सोडून गेले त्यांना.

वेलिका : गेलीस की हाकललं तुला? उन्हाळ्यात सरकारनं सगळ्या तुर्कांसारखा तुझ्याही हातात पासपोर्ट कोंबला, दोन दिवसांत चालती हो म्हणाले. कमरेचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्याला सीमेवरच्या त्या रांगेत घालणार होतीस? 'जा, घर बघ, मग मला ने,' असं तोच म्हणाला. मी इथंच उभी होते.

नेफिसे : आणि ऑगस्टात सीमाच बंद झाली.

वेलिका : हो ना. मग नोव्हेंबरात पक्षाचा तो वरचा पुढारी पस्तीस वर्षांनी खुर्चीवरून उतरला. सगळं गाव टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होतं आणि मी रडत होते. म्हटलं, मेल्या, महिनाभर आधी उतरला असतास तर काय बिघडलं असतं!

नेफिसे : फार हाल झाले का?

वेलिका : नाही. जेवण सुटलं होतं, माझं दही तेवढं खायचा. वर नावं ठेवायचा. 'वेलिका, तुझ्या शेळीचं दही तुझ्यासारखंच, आंबटढोण.'

नेफिसे : बाबाच ते. ...आणि माती कुठल्या नावानं दिली? त्या 'स्तोयान'च्या?

वेलिका : कचेरीतला तो कारकून म्हणाला, पाच वर्षांपूर्वी सगळ्या तुर्कांची नावं बदलली तेव्हा याचं स्तोयान झालं, तेच चालेल. मौलवी नाही, आंघोळ नाही, सरळ पेटीत घालायचं. मी मान डोलावली.

नेफिसे : मान डोलावलीस? तू?

वेलिका : ऐक तर खरी. सकाळी इद्रिस म्हाताऱ्याला बोलावलं. आम्ही दोघांनी शुक्रीला माझ्या गोठ्यात नेलं. पाणी तापवून दिलं, माझ्या लग्नातली पांढरी चादर दिली आणि मी फाटकात जाऊन उभी राहिले. आत इद्रिस त्याला आंघोळ घालतोय, तेवढ्यात मिंचो शिपाई आला.

नेफिसे : अल्ला!

वेलिका : म्हणाला, 'गोठ्यात काय चाललंय, मावशी?' मी म्हटलं, गाय विते आहे. तर म्हणतो, 'मदत करू का?' म्हटलं नको रे बाबा, पहिलटकरीण आहे, परका माणूस बघून बिथरेल.

नेफिसे : पण तुझ्याकडे गाय कुठंय?

वेलिका : नाहीच! एक शेळी. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, मिंचोलाही. तो जरा वेळ गोठ्याकडे बघत राहिला. मग टोपी काढली आणि म्हणाला, 'सुखरूप सुटका होऊ दे.' आणि गेला.

नेफिसे : मिंचो? ज्यानं मला दुकानात तुर्की बोलले म्हणून दंड केला, तो मिंचो?

वेलिका : तोच. माणसाचं काही सांगता येत नाही. पेटीत तुझा बाप चादरीत होता, उजव्या कुशीवर, इद्रिसनं सांगितलं तसा. वरती त्यांनी स्तोयानची पाटी ठोकली.

नेफिसे : ती पाटी मला बघायची नाही.

वेलिका : बघशील कशी? पहिल्याच वादळात पडली. म्हणजे, मी पाडली. चांगली जळली, कोरडं लाकूड होतं.

नेफिसे : आता तिथं काहीच नाही?

वेलिका : दगड ठेवलाय, कोरा. आता नावं परत मिळणार म्हणतात. तरी शहरात त्याविरुद्ध मोर्चे निघालेत, माझा भाचाही गेला होता. परवा आला, त्याला जेवायला वाढलं नाही मी. नाव तू घाल, मुलगी आहेस.

नेफिसे : रसिमला काय सांगू? घरी ती खाट मांडून ठेवलीय...

वेलिका : ते मग बघू. राहायचं तर राहा, किल्ली माझ्याकडे आहे. जायचं तर जा. आधी त्याला भेट.

नेफिसे : मला दुवाही धड येत नाही, मावशी. घरात म्हणायलासुद्धा भीती होती.

वेलिका : दुवा इद्रिस म्हणेल. तू नुसती हाक मार. इथूनच मार, चालता चालता. तुमच्या भाषेत.

नेफिसे : रस्त्यावर?

वेलिका : पाच वर्षं भिंतीपलीकडून तुमची कुजबुज ऐकलीय मी. मोठ्यानं मार, पोरी.