दार उघडं होतं

(मुरबाड तालुक्यातलं धसई, २००७. दुपारी देवकीच्या घरची ओटी. देवकीचा उजवा हात पट्टीत.)

देवकी : पाणी नंतर प्या. आधी कारखान्यानं माझ्या नावानं इंग्रजीत काय लिवलंय ते मराठीत वाचून दावा. पुरतं वाचा.

आदेश : ताई, ती ऑफिसची भाषा असते. मनाला लावून घेऊ नका.

वंदना : वाचा, आदेश. त्या कारखान्याचे इंजिनिअर तुम्ही आहात. मी तिथली नोकरी केव्हाच सोडून शहापूरला मास्तरकी धरली.

आदेश : 'कामगार देवकी बारकू हिने जाळीचे दार बंद असताना खालच्या फटीतून पत्रा ठोकणाऱ्या प्रेसमध्ये हात घातला. मशीनच्या नोंदीत दार बंद असल्याचे स्पष्ट दिसते. अपघात निष्काळजीपणामुळे.'

देवकी : त्या फटीतून मांजराचा पाय जायचा नाय. धा वर्सं काढली मी त्या प्रेसवर. पत्रा अडकला का दार उघडायचं, ठोका थांबतो, पत्रा काढायचा, दार लावायचं. त्या दिवशी पण तेच केलं. दार उघडलं, हात घातला, आन् ठोका आला. दोन बोटं गेली. शुद्धीवर आले तं मॅनेजर रूपेशसायेब खाटंशी उभे. म्हनले, देवकी, मशीन खोटं बोलत नाय. आता माझी सासू पण तेच म्हनते.

वंदना : मशीन खोटंच बोललं. कसं, ते सांगायला यांना घेऊन आले.

आदेश : मॅडम, मी प्रोग्रामची एक ओळसुद्धा बदलली नाही. तुम्ही शहाण्णव साली सी भाषेत लिहिलेला, तोच. मशीन चालवणारं जुनं कंट्रोल कार्ड जळलं, तसं आता मिळत नाही. नवीन आणलं, त्याच्याबरोबर नवीन कंपायलर आला. टेस्टिंगपण केलं. दार उघडं ठेवून बटण दाबलं, मशीन चालू झालं नाही. ओके म्हणून सही केली.

देवकी : कंपायलर कोन? त्या दिवशी तिथं हा मानूस नव्हता.

वंदना : माणूस नाही गो. मी लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. दुभाषा म्हण. मी लिहिलं होतं, दर ठोक्याआधी दार बघ, उघडं असेल तर थांब. एकदा बटण दाबलं की एक फेरी, एका फेरीत चाळीस ठोके. जुना दुभाषा सांगितल्याप्रमाणे चाळीस वेळा बघायचा. नवा हुशार निघाला, आणि यांनी त्याला सांगितलं, काम फास्ट कर. दार उघडं का बंद हे सांगणारी एक खूण असते; ठोके मारणाऱ्या ओळींमध्ये ती कोणी बदलत नाही, हे त्याने हेरलं. दार उघडलं की खूण बाहेरून बदलते, ते त्याला काय ठाऊक? मग त्याने पहिल्या ठोक्याआधी एकदा बघायचं ठेवलं आणि बाकीचं बघणं फालतू म्हणून काढून टाकलं.

आदेश : त्याला ऑप्टिमायझेशन म्हणतात, ताई. सगळे करतात.

वंदना : सगळे करतात आणि बोटं हिची जातात. मशीन चालू असताना एकदा तरी दार उघडून पाहिलंत?

आदेश : नाही.

वंदना : का?

आदेश : प्रोग्राम दहा वर्षं चाललेला होता. त्यात रूपेशसर डोक्यावर उभे, लाइन आत्ताच्या आत्ता चालू पाहिजे म्हणून. आणि आटगाव स्टेशनहून माझी परतीची गाडी होती.

देवकी : आन् ती नोंद?

वंदना : नोंदसुद्धा त्या पहिल्याच बघण्याची. फेरी सुरू झाली तेव्हा दार बंद होतं, म्हणून चाळीसही ठोक्यांपुढे 'बंद' लिहीत गेलं. तू उघडलंस ते त्याने पाहिलंच नाही.

देवकी : ज्यानं बघितलंच नाय त्याची साक्ष धरली. माझी नाय धरली.

आदेश : मग मॅडमनी स्वतःचंपण सांगावं. असल्या खुणेसाठी सी भाषेत एक शब्द असतो, व्होलाटाइल. ही गोष्ट बाहेरून बदलते, दर वेळी नव्याने बघ, असा त्याचा अर्थ. मॅडमनी तो लिहिलाच नाही. कंपायलर नियमानेच वागला. मग सगळं माझ्याच माथी का?

देवकी : वंदना, खरं हाय?

वंदना : खरं आहे. डिप्लोमा नुकता झालेला, पुस्तकाची झेरॉक्स घेऊन बसायचे. तो शब्द वाचलाही होता. नाही लिहिला तरी मशीन नीट चाललं, म्हणून तसंच राहू दिलं. दहा वर्षं चाललं म्हणजे बरोबर आहे, असं मीही धरून चालले. परवा नव्या कार्डातला, मशीनच्या भाषेत उतरलेला कोड यांच्याकडून घेऊन ओळीओळीने वाचला, तेव्हा कळलं. यांच्यावर राग आहेच, पण माझी मलाच लाज वाटते.

देवकी : तूच मला उभी केलीस तिथं. पयल्या दिवशी हात धरून म्हनलीस, दार उघड, भिऊ नको, थांबतं. मी काय मशीनवर विश्वास ठेवला होता? तुझ्यावर ठेवला.

वंदना : हो.

देवकी : माफी मागू नको. माफीनं बोटं उगवत नायत. सायेब, त्या प्रेसवर आता कोन बसतं?

आदेश : सरिता.

वंदना : म्हणजे? प्रेस चालू आहे?

आदेश : दोन दिवस बंद होती. रिपोर्टमध्ये मशीनचा दोष नाही म्हटल्यावर सरांनी चालू करायला लावली.

वंदना : मुरबाडपासून एसटीत तुमच्या शेजारी बसून मी हे सगळं समजावत आले. तुम्ही मान डोलावत होता. आणि तिकडे पोरगी त्या दारात हात घालतेय?

आदेश : भीती वाटली, मॅडम. सरांना विचारल्याशिवाय—

देवकी : सरांना इचारू नका. तुमच्या खिशात फोन हाय.

आदेश : हॅलो, चंदर? दोन नंबर प्रेस बंद कर. मेन स्विचच पाड. नाही, फेरी पुरी होऊ देऊ नकोस. आत्ता. मी धरतो फोन. झाली? सरिता कुठेय? हात ठीक आहेत ना तिचे? बरं. सरांना सांग, मी बंद करायला लावली.

वंदना : आता कागद घ्या. माझा राहिलेला शब्द, तुमची न केलेली तपासणी, खोटी नोंद, सगळं लिहायचं. उद्या मी स्वतः ठाण्याला जाऊन अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी साहेबांच्या हातात देते.

आदेश : माझी नोकरी जाईल.

वंदना : जाईल कदाचित. तरी लिहा.

देवकी : मराठीत लिवा. मला वाचता आलं पायजे.

आदेश : झालं, ताई. मॅडमची सही इथे, माझी इथे. तुमचा हात असा आहे, तर डावा अंगठा लावलात तरी चालेल.

देवकी : अंगठा नाय. सातवी पास हाय मी. डाव्या हातानं सही करीन. येळ लागंल.