संगमावरची वहिनी

पोहण्याचं म्हणाल, तर आमच्या वहिनीचं ऐका. पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. थोरला भाऊ रत्नागिरीकडं नोकरीला होता, त्यानं तिकडचीच खाडीकाठची मुलगी केली. लग्नाला दोनेक महिने झाले असतील. थंडीत हुरडा खायला आम्ही सगळे बैलगाडीनं नरसिंहपूरला गेलो, भीमा-नीरेच्या संगमावर.

हुरडा खाऊन झाल्यावर आमचे वडील, आबा, पोहायला उतरले. वहिनी पायरीवरून म्हणाली, "आबा, तिकडे नको. पाणी फिरतंय तिथे."

आबा हसले. "सूनबाई, ह्या नदीतच मोठा झालोय मी."

थोडं पुढं गेले नि त्यांच्या पायात पेटका आला. बघता बघता भोवऱ्याकडं ओढले गेले. आई किंचाळली. भाऊ सदरा काढतोय तोवर वहिनीनं पदर खोचून उडीच मारली. धारेशी झगडली नाही, धारेबरोबरच गेली, आबांना मागून काखेत हात घालून धरलं आणि तिरकं पोहत खालच्या अंगाला काठाला लावलं.

बघ्यांची गर्दी जमली. सासऱ्याला हात लावला, चारचौघांत नदीत उडी मारली, आता आबा काय बोलतात, या धास्तीनं वहिनी मान खाली घालून कुडकुडत उभी. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरगी कुणाची वो ही?"

आबा खोकत उठले. काठावरची आपली घोंगडी त्यांनी तिच्या अंगावर टाकली.

"माझी हाय," म्हणाले. "आन् कुणाची आसंल?"