शेवटचं बरं कधी बघितलं?

(सायखेड्यातलं घर, संध्याकाळ. लंकाबाई मेथी निवडतायत. नाशिकच्या कॉलेजात गणित शिकवणारी त्यांची मुलगी हर्षाली नुकतीच आली आहे. बाहेर ओट्यावर हर्षालीचे वडील नाना खुर्चीत बसले आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्यापासून त्यांची वाचा गेली आहे.)

लंकाबाई: मग घातला का नाय नानांच्या डोक्याचा तवाचा फोटो तुझ्या त्या कॉम्प्युटरात?

हर्षाली: घातला.

लंकाबाई: आन्? मघाधरनं इचारते, तर तू मेथीचंच काढून बसली.

हर्षाली: आमचं संशोधनाचं काम अजून कच्चं आहे, आई.

लंकाबाई: असू दे कच्चं. काय निघालं ते सांग.

हर्षाली: मेंदूची नस बंद झाली ना, की तेवढा भाग हळूहळू पाणी धरतो. स्कॅनमध्ये तो काळपट दिसायला लागतो. सुरुवातीला इतका थोडा, की डॉक्टरांच्या नजरेलाही कळत नाही. आम्ही गणितानं तो काळपटपणा मोजतो, चांगल्या बाजूशी ताडून बघतो. त्यावरून झटका येऊन किती वेळ झालाय त्याचा अंदाज लागतो.

लंकाबाई: नानांचा किती लागला?

हर्षाली: दोन तास. फार तर तीन. म्हणजे आमचंच कुठंतरी चुकतंय.

लंकाबाई: चुकतंय कशानं? बरोबर हाय की.

हर्षाली: अगं, नानांना रात्री झोपेतच झालं ना. सकाळी मी उठवायला गेले तर तोंड वाकडं, उजवा हात लुळा.

लंकाबाई: रातचं नाय काय. पहाटं उठले होते ते. मला म्हणले, तू पड अजून, चहा मी ठेवतो. दोघांनी चहा घेतला. मग मी वावरात गेले, पंचवटीच्या बाजारात माल धाडायचा होता. ते म्हणले, डोकं जड झालंय, पडतो जरा.

हर्षाली: हे तू मला कधीच बोलली नाहीस.

लंकाबाई: चहा पेल्याचं काय सांगायचं मानसानं?

हर्षाली: डॉक्टरांनी तेच विचारलं होतं, आई. शेवटचं बरं कधी बघितलं? मी म्हणाले, रात्री झोपताना.

लंकाबाई: तवा मी तिथंच उभी होते.

हर्षाली: हो.

लंकाबाई: तुम्ही दोघं इंग्रजीत बोलत होता. नानांना कळतं ते, मला नाय. मला वाटलं, पोरगी सांगतीय, बरोबरच सांगत असंल.

हर्षाली: नुसतं मागं वळून तुला मराठीत विचारलं असतं तरी झालं असतं.

लंकाबाई: काय झालं असतं?

हर्षाली: गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. ते साडेचार तासांच्या आतच देतात. उशिरा दिलं तर मेंदूत रक्त सुटायची भीती. मी रात्रीपासून म्हटल्यावर त्यांनी दिलं नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

लंकाबाई: आन् पहाटं बरे होते म्हणली असतीस तर?

हर्षाली: दिलं असतं, बहुतेक.

लंकाबाई: मग बोलले असते ते?

हर्षाली: तसं कुणीच सांगू शकत नाही. काहींना गुण येतो, काहींना नाही.

लंकाबाई: म्हंजे आलाबी असता.

हर्षाली: आलाही असता. नानांसाठीच मी ह्या कामात पडले गं. वाटायचं, घरच्यांना वेळ सांगता आली नाही, तर स्कॅननं तरी सांगावी.

लंकाबाई: त्यानं सांगितली की.

हर्षाली: दोन वर्षांनी.

लंकाबाई: रडू नको. ते आत बघतायत.

हर्षाली: नाही रडत.

लंकाबाई: दवाखान्यात ते डाव्या हातानं तुझी ओढणी ओढत होते. तोंडातनं नुसता आवाज यायचा. तू म्हणलीस, नाना, हलू नका, डॉक्टर बोलतायत.

हर्षाली: मला वाटलं, घाबरलेत.

लंकाबाई: मलाबी तसंच वाटलं.

हर्षाली: मी बसते त्यांच्यापाशी. सांगू का त्यांना? समजतं त्यांना सगळं.

लंकाबाई: काय सांगशील? त्यांना तवापासून ठावं हाय.