करंगळीचं कुलूप

कुंभारवाड्याच्या थांब्यावर माझ्या मागं दोघी बसची वाट बघत होत्या.

"नेत्रा, नव्या लॅपटॉपनं तुझ्या बोटाचा ठसा घेतला काय?"

"अंगठा न्हाई घेतला, अक्का. काजू फोडून फोडून साल गेलीया. हे म्हणाले, तुझं ऱ्हाऊ दे, माझंच बोट पुरे."

"मग?"

"मी करंगळी ठेवली. तिला कुठं काजूचा चीक लागतोय? लगेच घेतली."

"तीपण सोलली तर?"

"पिन हाय की. मीच ठरवला, कुणाला सांगितला न्हाई."

"आणि नवऱ्याचं, परशुरामाचं बोट?"

"काढून टाकलं. काजूच्या ऑर्डरी माझ्या, लॅपटॉप माझा."

"रागावला असंल."

"रागावले की. आता क्रिकेट बघायचं असलं की चुलीपाशी येऊन इचारतात, नेत्रा, करंगळी मोकळी हाय काय?"